साडेतेवीस अंशांचं ऊन

बायकोच्या पायांवर ऊन पाडायला नगरपालिकेची परवानगी लागते, असं कुणी सरांना भर वर्गात सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं असतं. पण सर आता निवृत्त झाले होते, बाकावर उभं करायला कुणी उरलं नव्हतं, आणि नगरपालिकेत चार खेपा झाल्यावर आपणच बाकावर उभे आहोत असं त्यांना वाटायला लागलं होतं.

प्रकरण तसं साधं होतं. बाईंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, खुब्याचं हाड मोडून वर्ष होत आलं होतं. हाड धड जुळलं नाही, आणि पडून पडून मग हृदयानेही कुरकूर सुरू केली. खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, जिना असा चिंचोळा की लग्नातलं कपाट वर चढवताना कठडा कापावा लागला होता. त्यात खोलीची एकुलती एक खिडकी उत्तरेला. त्या खोलीत ऊन म्हणून कधी शिरलंच नव्हतं. बाई टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या तोवर हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण दिवसा त्या घरात नसायच्याच. आता त्या दिवसरात्र घरात होत्या, आणि भिंतीची ओल, खिडकीतला गार वारा आणि छताचे पोपडे यांच्याशी त्यांची चांगलीच ओळख झाली होती.

थंडी सुरू झाली तसे बाईंचे पाय गार पडायला लागले. लोकरीचे मोजे झाले, गरम पाण्याची पिशवी झाली, सरांनी तळवे चोळून चोळून स्वतःचे हात सुजवून घेतले.

"आतून गार आहेत हो," बाई म्हणाल्या. "आणि समोरच्या इमारतीवर बघा, कसं लख्ख ऊन पडलंय. दिवसभर मला वाकुल्या दाखवत असतं. त्यातलं ओंजळभर माझ्या पायांवर पडलं ना, तर मला दुसरं काही नको."

त्याच दिवशी डॉक्टरांनी जाताना सरांना दाराबाहेर घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "हा हिवाळा निघाला, तर पुढचं बघू."

सर ही दोन्ही वाक्यं घेऊन स्वयंपाकघरात बसले. दुसऱ्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ते पहिल्याच्या मागे लागले.

सर भूगोलाचे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि त्यामुळेच ऋतू होतात, दिवस लहानमोठा होतो, हे त्यांनी उभ्या हयातीत इतक्या पोरांच्या डोक्यात घातलं होतं की पोरांनी त्यांचं नावच 'साडेतेवीस' ठेवलं. उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो, असं उत्तर लिहिणाऱ्याची त्यांच्या तासाला धडगत नसे. शिवाय सरांची मान डावीकडे जराशी कललेली होती. नावामुळे मान कलली की मानेमुळे नाव पडलं, यावर शिक्षकांच्या खोलीत दोन तट होते, आणि सर दोन्हींशी बोलत नसत. तर अशा माणसाने कागदावर आकृती काढली. समोरची इमारत उंच. तिच्या गच्चीच्या कठड्यावर मोठा आरसा उभा करायचा. दक्षिणेचं ऊन त्यावर पडेल, उलटेल, आणि खाली आपल्या खिडकीतून थेट पलंगावर येईल. आपाती किरण, परावर्तित किरण, सगळं पट्टीने आखलं होतं आणि बाणही काढले होते.

आरसा घरातच होता, लग्नातल्या कपाटाच्या दाराला.

"आणि मी तोंड कशात बघायचं?" बाईंनी विचारलं.

"तू आहेस तशीच आहेस."

"म्हणूनच तर बघायचं असतं हो."

पण त्यांनी आरसा दिला. दार काढताना त्या हसत होत्या, हे सरांनी पाहिलं, आणि इथून पुढे त्यांना मागे फिरणं शक्य नव्हतं.

आता इमारतीच्या भिंतीवर काहीही पडणार असेल, मग तो रंग असो वा उजेड, कमिटीला विचारावं लागे. कमिटी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी. बाकीचे सभासद चहापुरते येत. सेक्रेटरींनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं आणि सांगितलं की परावर्तित प्रकाशाचा यात कुठे उल्लेख नाही.

"उल्लेख नाही, म्हणजे मनाईही नाही," सर म्हणाले.

"उल्लेख नाही, म्हणजे परवानगीही नाही. उद्या तिसरा म्हणेल मला चांदणं हवंय. आम्ही कुणाकुणाला पुरे पडायचं?"

मग सल्ल्यांना ऊत आला. एकाने आरशापेक्षा पत्रा बरा असं सुचवलं. दुसऱ्याने मोठा दिवा लावायला सांगितलं, उजेड तो उजेड. तिसऱ्याच्या मते मूळ चूक घर घेतानाच झाली होती आणि आता तिला इलाज नव्हता. पहिल्या मजल्यावरचे वकील एकटे राहात, आणि दावा नसलेली गोष्ट त्यांना बोचत असे. त्यांनी एक मूलभूत प्रश्न काढला: समोरच्याच्या भिंतीवर पडणारं ऊन आपण वळवून घेतलं, तर ते त्याच्या मालमत्तेतून काढून घेतलं असं होतं का? यावर बराच वेळ गेला. शेवटी कमिटीने मोठ्या मनाने ठरवलं की नगरपालिकेची हरकत नसेल तर आपलीही नाही. नगरपालिकेची हरकत असणारच, याबद्दल सेक्रेटरी निर्धास्त होते.

नगरपालिकेतल्या कारकुनाने विचारलं, "गच्चीवर काय बसवायचंय? पाण्याची टाकी, मनोरा की जाहिरात फलक?"

"आरसा."

"आरसा यात नाही. त्यावर काही लिहिणार आहात?"

"नाही हो. आरशावर काय लिहायचं?"

"मग रिकामा जाहिरात फलक धरू," असं म्हणून कारकुनाने तसं धरलं. त्यानंतर हे रिकामं काय जाहीर करायचंय याची तीन टेबलांवर विचारणा झाली, आणि प्रत्येक टेबलावर सरांनी बायकोच्या पायांची हकिकत पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्या टेबलापर्यंत ती हकिकत इतकी घोटून झाली होती की आपण धडा घेतोय असं त्यांना वाटलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढं झाल्यावर परवानगी आली, पण अटीसकट. फलक हलता कामा नये. वाऱ्याने सुटून कुणाच्या टाळक्यात पडला तर जबाबदार कोण? लोखंडी चौकट, जोडकाम, खाली सिमेंट. पक्का म्हणजे पक्का.

सरांना यात काही वावगं दिसलं नाही. उलट, पक्कं काम त्यांना आवडायचं.

या सगळ्यात डिसेंबर निम्मा सरला. समोरच्या इमारतीची मालकीण कुणाला गच्चीची किल्ली देत नसे, पण आजारी बाईचं नाव ऐकून तिने दिली. सरांनी आधी आरसा नुसता विटांना टेकवून पाहिला. जेवणाच्या वेळेच्या सुमारास ऊन आरशावरून उडालं, रस्ता ओलांडून खाली आलं आणि खिडकीतून नेमकं पलंगाच्या पायथ्याशी बसलं. सर आठवडाभर रोज ते पाहात होते. पट्टा त्याच वेळेला, त्याच जागी. त्यांनी जमिनीवर खडूने खूणसुद्धा केली होती. तसूभर हललं नाही. मग त्यांनी लोहाराला बोलावलं आणि चौकट पक्की करून टाकली. जाता जाता लोहाराकडून मालकिणीच्या टाकीचा पाइप फुटला, तिच्या दिवाणखान्याच्या छतातून पाणी ठिबकलं आणि तिने गच्चीला नवं कुलूप घातलं. यापुढे या माणसाचं तोंड दिसता कामा नये, असं तिने खिडकीतूनच जाहीर केलं. सरांना त्याचं वाईट वाटलं, पण काम झालं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी बाईंचे मोजे काढले, पांघरूण बाजूला केलं आणि दोघं वाट पाहात बसली. पट्टा आधी खिडकीच्या चौकटीवर आला, मग पलंगाच्या कडेवर, आणि मग बाईंच्या पावलांवर. ती पावलं किती बारीक झाली आहेत हे इतक्या उजेडात सरांनी पहिल्यांदा पाहिलं.

बाईंनी डोळे मिटले. "लागली हो लाइन," त्या म्हणाल्या. टेलिफोन खात्यातलं बोलणं त्यांच्या तोंडात अजून होतं.

पाव तासाने पट्टा भिंतीवरून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. नवं वर्ष लागलं तरी येत राहिला. बाई दोन घास जास्त जेवायला लागल्या. सेक्रेटरींना जिन्यात गाठून सरांनी या सुधारणेची सविस्तर माहिती दिली, न मागता. मान नेहमीपेक्षा ताठ होती.

जानेवारीच्या मध्यावर एका दुपारी ऊन पायांवर यायच्याऐवजी पलंगाच्या अलीकडे जमिनीवर पडलं. सरांनी पलंग खिडकीकडे सरकवला. चार दिवसांनी पुन्हा सरकवला. मग पलंग भिंतीला भिडला आणि पुढे सरकवायला जागा राहिली नाही, तेव्हा बाईंनी पाय उचलून खिडकीच्या उंबऱ्यावर ठेवले. हे काही दिवस चाललं. मग उंबराही कोरडा पडला. सरांनी खिडकीबाहेर मान काढून पाहिलं. ऊन खाली सेक्रेटरींच्या खिडकीत शिरत होतं, म्हणजे त्यांच्या गादीवर पडत असणार.

"हे असं का झालं?" बाईंनी विचारलं.

सर उत्तर द्यायला वळले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बावीस डिसेंबर, सर्वांत लहान दिवस. त्याच्या आगेमागे सूर्य जवळजवळ जागच्या जागी थबकल्यासारखा असतो, मग उत्तरेकडे सरकायला लागतो, दुपारी रोज आधीपेक्षा वर चढतो. सूर्य वर चढला की आरशातून उलटलेलं ऊन खाली उतरणार. हे चौथीच्या पोराला कळतं. हे त्यांनी फळ्यावर काढलं होतं, परीक्षेत विचारलं होतं, चुकलं म्हणून पोरांना पट्टीने मारलं होतं. आणि त्यांनी आरसा सिमेंटमध्ये बसवला होता, वर्षातल्या नेमक्या त्या आठवड्यात, जेव्हा काही हलत नाही.

"आस कललाय," ते कसंबसं म्हणाले.

"हा तुमचाच धडा ना हो?"

"हो."

"किती गुणांचा?"

"पाच."

"मग गेले की पाच," बाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबेना.

सर मालकिणीकडे गेले, तिने दार उघडलं नाही. नगरपालिकेत गेले, तर कारकुनाने मान्य फलकाचा कोन बदलणं म्हणजे नवा फलक, नवा फलक म्हणजे नवा अर्ज, असं सांगितलं. पहिल्या अर्जाला लागला तेवढा वेळ दुसऱ्याला लागला असता, तर उन्हाळा उजाडला असता. सर परत येताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबले. या माणसाकडे कधी काही मागायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी बेल वाजवली.

"माझ्या गादीवर?" सेक्रेटरी म्हणाले.

"गादीवर नको. गादीशेजारी खुर्चीत. फक्त पाय."

"पण हे ऊन माझ्या हद्दीत पडलंय. त्याचा वापर कुणी करायचा याचा ठराव..."

"आणा हो त्यांना," आतून सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज आला.

हे दोघांनाही, आणि बहुधा बोलणारीलाही, अनपेक्षित होतं. सेक्रेटरींची बायको आणि बाई यांच्यात कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. वरच्या कुंड्यांचं पाणी खालच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडत होतं की नव्हतं, या मुद्द्यावर ते तुटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी सर आणि सेक्रेटरी बाईंना खुर्चीत बसवून एक मजला खाली उतरवत आणि पाव तासाने वर चढवत. सर पुढे, सेक्रेटरी मागे. सेक्रेटरींना पोटाला पट्टा बांधावा लागे, आणि वळणावर ते नियमांच्या पुस्तकात नसलेले शब्द बोलत. खोलीत दोघी बायका पहिले काही दिवस गप्प बसल्या. मग एकदा सेक्रेटरींची बायको म्हणाली, "पडत होतं हं पाणी." बाई म्हणाल्या, "पडत होतं. मला माहीत होतं." यानंतर त्यांच्या गप्पा काही संपेनात. सेक्रेटरींच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, हातांची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली होती. त्या खुर्ची जवळ ओढून बाईंच्या पायांशेजारी उन्हात हात पसरून बसत. दोन्ही नवरे दाराबाहेर उभे राहून पट्टा पुढे सरकण्याची वाट पाहात.

फेब्रुवारीत ऊन आणखी खाली गेलं, वकिलांकडे. वकिलांनी नाही म्हटलं नाही. आधी एक कागद पुढे केला, की या वापरातून सरांच्या कुटुंबाला सदर उन्हावर वहिवाटीचा कोणताही हक्क प्राप्त होणार नाही. सरांनी न वाचता सही केली. आत गेल्यावर कळलं की ती खिडकी न्हाणीघराची आहे. वकील उशिरा उठत आणि त्याच वेळेला अंघोळीला जात. तरीही ते टॉवेल गुंडाळून बाहेर उभे राहिले आणि आत बाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, पाय उलट्या बादलीवर ठेवून, दुसऱ्याच्या साबणाच्या वासात ऊन खात राहिल्या. सर त्यांना पाठीमागून धरून होते. एका बाईला शेवटच्या दिवसांत हे करावं लागावं, आणि ते आपल्या चुकीमुळे, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय हे," ते पुटपुटले.

"चांगलं आहे की," बाई म्हणाल्या. "घरातून इतकं बाहेर मी वर्षभरात पडले नव्हते."

मार्च लागला तसा त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी खुर्ची बंद केली. आता पलंगावरून हलवायचं नाही. हिवाळा तर निघाला होता, सरांनी डॉक्टरांना तसं म्हणूनही पाहिलं. डॉक्टर बॅग आवरत राहिले.

मग बाई रोज दुपारी विचारत, "आज कुठे आहे?" आणि सर जिने उतरून बघून येत, धापा टाकत सांगत.

"आज विजेच्या मीटरांवर."

"आज कचऱ्याच्या पेट्यांवर पडलंय."

"मजा आहे बुवा त्यांची," बाई म्हणत.

शेवटी शेवटी त्या विचारेनाशा झाल्या, तरी सर जाऊन येत आणि सांगत. ऊन फुटपाथवर पोचलं त्या आठवड्यात बाई गेल्या. दुपारची वेळ होती. सर खाली बघायला गेले होते. वर येऊन त्यांनी सांगितलं, "आज रस्त्यावर आहे," आणि उत्तराची वाट पाहात उभे राहिले, आणि मग त्यांना कळलं. बाईंचे पाय त्यांनी दोन्ही हातांत धरले. ते गारच होते. सर तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे मोठ्याने रडले, इतकं की खालून सेक्रेटरी पोटाचा पट्टा न बांधता धावत आले.

पुढचं सरांना फारसं आठवत नाही. उन्हाळ्यात आरशाची तिरीप रस्त्यावर चमकली, एक मोटारसायकलवाला दिपून खांबावर गेला, नगरपालिकेची नोटीस आली, की सदर रिकामा फलक धोकादायक असून काढून टाकावा. सरांनी ती उशीखाली ठेवून दिली. आरसा राहिला काय, गेला काय, त्यांना काही फरक पडत नव्हता.

फरक ऑक्टोबरमध्ये पडला. एका दुपारी ते भाजी घेऊन येत होते, आणि ऊन मीटरांवर दिसलं. सर पिशवीसकट उभे राहिले. दिवस लहान व्हायला लागले होते. सूर्य दक्षिणेकडे निघाला होता आणि ऊन भिंत चढत होतं. या वेळी त्यांना धडा आठवायला क्षणही लागला नाही. पुढे न्हाणीघर, मग सेक्रेटरींची खोली, आणि डिसेंबरात तिसरा मजला. ऊन येणार होतं, बरोबर वेळेवर, बरोबर त्याच जागी, आणि पलंगावर कुणी नव्हतं. ते आपल्याला बघवणार नाही, हे सरांना रस्त्यात उभ्या उभ्याच कळलं. त्याआधी आरसा उतरायलाच हवा होता.

ते नोटीस घेऊन धावत नगरपालिकेत गेले. तोच कारकून होता.

"हा धोका संपला," त्याने सांगितलं. "रस्त्यावर आता चमकत नाही. तक्रार बंद केली."

"पण मला तो काढायचाय."

"धोका नसताना मान्य फलक काढायचा तर अर्ज करावा लागेल. लावायचा अर्जही तुमचाच ना? आता काढायचं कारण काय लिहू?"

सरांनी पुष्कळ विचार केला. "गरज उरली नाही," ते म्हणाले.

"असं कारण यात नाही हो, सर," कारकून म्हणाला. ती हकिकत त्याने तिन्ही टेबलांवरून ऐकली होती. या वेळी तो जरा मऊ बोलला, पण कारण काही यादीत सापडलं नाही. अर्ज फिरत राहिला. ऊन वकिलांकडे पोचलं, वकिलांनी न्हाणीघराची वेळ बदलल्याचं सरांना जिन्यात आपणहून सांगितलं, आणि का ते सांगितलं नाही. नोव्हेंबर निम्मा सरला तसं ऊन दुसऱ्या मजल्यावर चढलं.

मग सरांनी अर्जाचा नाद सोडला आणि समोरच्या इमारतीत जाऊन मालकिणीचं दार वाजवलं. या वेळी तिने उघडलं. तिने सरांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं, आणि काही न विचारता किल्ली दिली. पाइपचा विषयसुद्धा काढला नाही. सर गच्चीवर गेले. आरशावर वर्षाची धूळ होती, पण ऊन झेलायला तेवढा पुरे होता. त्यांनी हातोडी उचलली आणि एकदा, कुठे पडतंय ते पाहायला, खाली बघितलं. सेक्रेटरींच्या खिडकीत त्यांची बायको बसली होती. वाकडी बोटं उन्हात पसरून ती हात आधी पालथे करत होती, मग उताणे, मग पुन्हा पालथे. सर बराच वेळ उभे राहिले. पट्टा तिच्या हातांवरून निघून गेल्यावरच ते खाली उतरले, किल्ली परत दिली आणि हातोडी घरी घेऊन आले.

डिसेंबरात ऊन तिसऱ्या मजल्यावर आलं. सर त्या वेळेला स्वयंपाकघरात जाऊन बसत आणि दार लोटून घेत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात सेक्रेटरी होते, आणि त्यांच्या दंडाला धरून, एकेक पायरी चढून दमलेली त्यांची बायको.

"आमच्याकडे बंद झालं," सेक्रेटरी म्हणाले, खाली बघत. "म्हटलं, तुमची हरकत नसेल तर... ठराव वगैरे काही नाही. नुसतं विचारतोय."

हरकत आहे, असं सरांच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी दार पूर्ण उघडलं.

वहिनींनी खुर्ची मागितली, पलंगावर बसल्या नाहीत. खुर्ची पलंगाला लावून त्यांनी कडेकडेने हात ठेवले, मधली जागा मोकळी सोडून. पट्टा चौकटीवरून आत आला, पलंगाच्या पायथ्याशी पोचला आणि मोकळ्या चादरीवर पसरला. सर भिंतीला टेकून उभे होते.

"आमच्याकडे पंधरवड्यात पुढे गेलं," थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या. "वकिलांकडे तर त्याहून लवकर. इथून कधी जातं हो, सर?"

त्यांना हे सगळं पाठ होतं. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, वर्गात उघडायचे तसं.

"इथे थांबतं," ते म्हणाले. "सूर्य इथे थबकतो. वर्षात सगळ्यात जास्त दिवस ते इथेच असतं."

एवढं बोलून ते पलंगाच्या पायथ्याशी, उन्हाच्या कडेला खाली बसले. सेक्रेटरींना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पट्टा जाईपर्यंत तो तसाच ठेवला.